कौसामावशीच्या पत्त्यावर

चिखलीच्या कौसामावशीने मला पत्ता दिला, हे आधी सांगतो. बाकीचं मागाहून. मी खाडीकाठच्या एका कोकणी गावातून सातवीत शाळा सोडून बाहेर पडलेला माणूस. बोटींवर खलाशी म्हणून राबलो आणि शेवटी जिथून कुठल्याच बाजूला समुद्र जवळ नाही अशा बुलढाणा जिल्ह्यात, एका धरणावर पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्या ठेकेदाराकडे नावाडी म्हणून येऊन पडलो. राहायला पत्र्याची खोली मिळाली, पण पत्ता काही मिळाला नाही. घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही, कुरिअरवाला तिथवर येत नाही. तेव्हा धान्यबाजाराच्या मागच्या रस्त्यावर सुतळी, दोर आणि ताडपत्री विकणारी ही बाई, जी माझी कोणीच लागत नव्हती, ती म्हणाली, "माह्या दुकानाचा दे ना मंग. कौसाबाईचं दोराचं दुकान म्हनलं का झालं. कोनी बी आनून देते." त्या दिवसापासून माझ्या मोबाइलमध्ये माझ्या नावाखाली तिच्या दुकानाचा पत्ता आहे आणि त्याच्यावर 'घर' असं लिहिलेलं येतं.

म्हणूनच ती गेल्याची बातमीसुद्धा मला कुरिअरवाल्याकडून कळली. मी नावेतून पिंजऱ्यांना खाद्य टाकत होतो. फोन वाजला. "तुमचं पार्सल आहे, पण दुकान बंद आहे. शेजारी सांगतात, म्हातारी सकाळी वारली." ऐकलं मी. नीट ऐकलं. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर, "मग पार्सल कुठे ठेवलंत?" तो हळूच म्हणाला, "दादा, अजून माझ्या हातातच आहे..."

ते वाक्य माझ्या छातीत अडकून बसलं आहे. काट्यासारखं म्हणतात तसं नाही. काटा निघतो.

मावशीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तो नाव बांधायचा दोर घ्यायला. दुकानाचा पुढचा भाग सगळा शेतकऱ्यांचा. बारदान, सुतळीचे गड्डे, बैलांच्या वेसणी. आत डाव्या कोपऱ्यात मात्र जाळी. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक तारेची, पांढरी जाळी खिळ्यांना टांगलेली, खाली टोपलीत जाळं तरंगतं ठेवणारी बुचं आणि खाली ओढणाऱ्या शिशाच्या गोळ्या. आणि मावशी जमिनीवर बसून, दोर पायाच्या अंगठ्यात ताणून धरून, लाकडी सुईने त्याच्यावर जाळं बांधते आहे. आसपासच्या तलावांवर मासे धरणारे सगळे भोई तिच्याकडून जाळं न्यायचे. तयार जाळं ती कुणालाच द्यायची नाही. आधी विचारायची, "कोणतं पानी?" म्हणजे कुठल्या तलावात टाकणार, यंदा खोली किती, तळाला गाळ आहे की मुरूम. मग त्या हिशेबाने वर बुचं आणि खाली शिसं लावून द्यायची. मलाही तिने विचारलं, "कोणतं पानी रे तुहं?" मला हसू आलं. समुद्रावरचा मी. म्हटलं, "मावशी, मी कोकणातला. पाण्याचं मला नका विचारू." ती अंगठ्यातला दोर न सोडता म्हणाली, "काऊन? कोकनात पानी नसते का?" समोर बसलेली गिऱ्हाइकं हसली आणि त्या दिवसापासून माझं नाव कोकण्या पडलं.

दोर तिच्याकडून घेतला, पण फावल्या वेळी मासे धरायला जाळं मी मोबाइलवर मागवलं. फोटो चांगला होता, घरबसल्या येणार होतं, आणि खरं सांगायचं तर ताडपत्री विकणारी बाई मासेमारीचं सामान काय देणार असं मला वाटलं होतं. तिच्याकडून न घेतलेलं जाळं तिच्याच पत्त्यावर आलं. मला फोन आला, "ये कोकण्या, तुहा जावई आला. खुर्चीवर बसला हाये, लवकर ने, नाहीतर धोंड्याचं वाण मागन." त्यानंतर माझं प्रत्येक पार्सल तिच्या लेखी जावईच. मी लाजत गेलो. तिने खोकं माझ्यासमोर फोडायला लावलं, जाळं हातात घेऊन चोळून पाहिलं. मला वाटलं आता नाव ठेवणार. ती म्हणाली, "मटेरियल चांगलं हाय रे." बस, एवढंच.

ते जाळं आमच्या धरणाच्या गाळात असं रुतलं की दोघांनी ओढूनही वर येईना. खाली शिसं जास्त होतं. ते ओलं, चिखलाने माखलेलं जाळं घेऊन मी परत तिच्याच दारात. तिने ते नळाखाली धुतलं, अंगठ्यात दोर धरला आणि एकेक गोळी सोडवत बसली. "जाळ्याचा काही दोष नाही," म्हणाली, "पन याले कोनी पानीच इचारलं नाही. इचारलं असतं तर यानं सांगतलं असतं का, भाऊ, मले गाळात नको टाकू." मजुरी विचारली तर म्हणाली, "जावयाचं काम करायची मजुरी घेत असतेत का?"

पुढे मला टायफॉइड झाला. ठेकेदार म्हणाला गावी जा. पण गावी कुणाकडे जाऊ? आई-बाप राहिले नव्हते. मावशीने दुकानाच्या मागच्या खोलीत ताडपत्रीच्या गठ्ठ्यांवर माझं अंथरूण घातलं. ज्वारीची पातळ आंबील करून द्यायची आणि मी वाटी ठेवली की बोटाने तळ दाखवायची, "हे कोन पिनार, तुहा ठेकेदार?" मी अंगात ताप असतानाही घाबरत होतो की हिच्या मुलाला आवडत नसेल, मी जड होत असेन. माझा स्वभावच तो. तिला एकदा तसं म्हटलं. ती म्हणाली, "जड तं तू हायेसच. पन दोराच्या दुकानात जड वस्तूची भीती नसते."

एवढं सगळं झाल्यावर माणसाने काय करावं? जाळं तरी तिच्याकडून घ्यावं. मी नाही घेतलं. मला त्या मोबाइलची गोडी लागली होती. गळ, फिरकी, प्लास्टिकची आमिषं, डोक्याला लावायचा दिवा... जे लागेल ते, जे न लागेल तेही. माझं बघून धरणावरच्या मच्छीमार सोसायटीतल्या भोयांनी मागवायला सुरुवात केली. त्यांना इंग्रजीतलं कळायचं नाही, मलाही अर्धंच कळायचं, पण बटणं दाबायला मी पुढे. पत्ता? अर्थात मावशीचा. हळूहळू त्या डाव्या कोपऱ्यातली जाळी कमी झाली आणि त्याच जागी खोकी रचली जाऊ लागली. दुसऱ्यांच्या खरेदीची. ती त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून वर बारदान टाकायची. तिचा मुलगा गजानन एकदा माझ्यादेखत चिडला. "आई, आपन दुकानदार हाओत का पोस्टमन?" मावशीने सुई थांबवली नाही. "पोस्टमनले लोकं च्या तरी पाजतेत. तू गप बस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा रे कोकण्या, च्या सांग." मी चहा सांगितला. तेवढंच केलं मी.

मग ते यंत्र आलं. पाण्यातले मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं. बोटीवर असताना ते तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्याच्या, केबिनमध्ये असायचं आणि आम्हा खलाशांना हात लावायची सोय नव्हती. दारातून लांबून बघायचो. आपलं स्वतःचं घ्यायचं हे तेव्हापासून मनात होतं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या बाभळींचे खुंट वर येतात आणि जाळी फाडतात, त्यासाठी कामाचंही होतं. खोकं मावशीच्या दुकानातच फोडलं. बॅटरीला जोडलं, पडदा उजळला, पण पाणी नाही तर दिसणार काय, नुसता निळा. मावशी चष्मा पुसून जवळ आली. "मासे कुठी हायेत?"

"पाण्यात गेल्याशिवाय दिसत नाहीत, मावशी."

"मंग मले ने ना पान्यात."

मला वाटलं थट्टा करते. पण ती तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "लगन होऊन आली तवापासून जाळे बांधून राह्यली मी. सासऱ्यानं शिकवलं. पन नावेत कधी बसली नाही. बायामानसाले कोन बसवते? आपलं जाळं पान्यात कसं उभं राह्यते, ते मी पाह्यलं नाही रे कधी."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "नेतो. तुमचंच जाळं सोडू आणि यंत्रावर दाखवतो." ती लहान पोरीसारखी हसली. गजाननची बायको शोभावहिनी आतून म्हणाली, "अत्याबाई, पोहता येते का तुमाले?" मावशी म्हणाली, "बुचं बांधीन ना कमरीले."

थंडीत पिंजऱ्यांचं काम निघालं. आज नको, पुढल्या हप्त्यात. मग ठेकेदार आला. मग माझ्या खोलीत उंदराने यंत्राची बॅटरीला जोडायची वायर कुरतडली. मी मोबाइलवर दुसरी मागवली. जावई आला, पण त्याची पिन बसेना. परत पाठवली. दुसरी आली, तीही नाही बसली. प्रत्येक वेळी मावशीकडे चक्कर. ती विचारायची, "झालं का सुरू? मी भाकरी बांधून ठेवतो म्हनलं," आणि मी म्हणायचो, "आता पुढचं पार्सल आलं की नक्की." एकदा म्हणाली, "रस्त्यापलीकडं शिवा बॅटरीवाला हाय. त्याच्याकडं काऊन नाही नेत?" शिवा ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. मी म्हटलं, "मावशी, हे समुद्रावरचं यंत्र आहे. ट्रॅक्टरवाल्याचं काम नाही." ती सुईत तंगूस भरत राहिली.

शेवटचा भेटलो तेव्हाही परत पाठवायचं खोकंच घेऊन गेलो होतो. ऊन फार होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, सारखी पाणी पीत होती. खिळ्यावर एक जाळं अर्धं बांधलेलं. म्हणाली, "हे आपल्या फेरीसाठी हाय. बस थोडा, च्या घे." जीप सुटायची होती. मी उभ्यानेच म्हटलं, "पार्सल आलं की येतो ना, तेव्हा बसतो." ती म्हणाली, "बरं. येऊ दे तुह्या जावयाले."

तो आला. ती नव्हती.

तेरवीला गेलो होतो. पंगतीतून उठून बाहेर पडलो आणि पाय आपोआप रस्त्यापलीकडे गेले. यंत्र पिशवीत होतं. का नेलं होतं, मलाही सांगता येणार नाही. शिवाने वायर हातात घेतली, कुरतडलेला तुकडा कापून फेकला, दोन्ही टोकं सोलून पिळली, झाळ दिली, काळी टेप गुंडाळली. त्याने मागवलेला चहा अजून आला नव्हता. "वायरच तं हाय भाऊ," म्हणाला, "कौसाबाई लय दिवसाची म्हणून राह्यली होती का कोकण्याचं मशीन येनार हाय, जोडून देजो. तुमी आलेच नाही." यंत्राचा पडदा उजळला. मी बघू शकलो नाही. रस्ता ओलांडायचा होता फक्त. रुंदीला एक बैलगाडी वळेल एवढा रस्ता.

लोक समजावतात. म्हणतात, वय झालं होतं, तू काय करणार होतास. खरं आहे, मरण मी थांबवू शकलो नसतो. पण तिचं मागणं मरण थांबवायचं नव्हतं. एक फेरी होती. आणि ती मी एका खोक्याची वाट बघत घालवली, जे खोकं घ्यायलाही तीच बसली होती.

परवा मी दुकानात गेलो. गजानन तो डावा कोपरा मोबाइलच्या कव्हरांसाठी द्यायचा म्हणत होता असं कानावर आलं होतं, भीतभीतच गेलो. खिळ्यावर ते अर्धं जाळं तसंच होतं, लाकडी सुई त्यातच अडकवलेली, सुईत तिने भरलेला तंगूस. गल्ल्यावर शोभावहिनी. मी म्हटलं, "वहिनी, हे जाळं मला द्या. अर्धं आहे तसंच." तिने ते काढलं नाही. जमिनीवर बसली, साडी सावरली, दोर पायाच्या अंगठ्यात घालून पाहिला. तो निसटला. पुन्हा घातला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणतं पानी?"

मी सांगितलं. खोली सांगितली, गाळ सांगितला, बाभळीचे खुंट कुठल्या अंगाला आहेत ते सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी नीट उत्तर दिलं. ती म्हणाली, "मले वेळ लागन. अत्याबाईसारखा हात नाही माहा." मी म्हटलं, लागू दे.

मोबाइलमधला पत्ता मी बदललेला नाही. 'घर' अजून तिथेच आहे. पण आता तिथे खोकी जात नाहीत, मीच जातो. सोसायटीतल्यांनाही तेच सांगत सुटलो आहे, कुणी ऐकतं, कुणी हसतं. जाळं पुरं झालं की शोभावहिनीला आणि तिच्या पोरीला नावेत बसवीन, कमरेला बुचं बांधून. ते जाळं सोडीन आणि ते पाण्यात उभं राहिलेलं त्यांना पडद्यावर दाखवीन. त्याने तुमची फेरी होणार नाही, मावशी, हे मला कळतं. ती बाकीच राहणार. पण तुम्ही या परक्याला घर दिलंत, आणि ते मी कधी ना कधी फेडीन. चहा न घेता उठणार नाही, हे आधी.