कौलतात्यांची मिशी

कौलतात्यांची मिशी एवढी जंगी, की तात्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पोचायच्या आधी ती पोचलेली असायची. मागून तात्या, त्यांच्या मागून म्हैस, आणि सगळ्यांच्या मागून वैरणीचा भारा घेतलेल्या तात्यांच्या बायको, आमच्या काकू.

संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या पेल्यात थेट धार काढायची, हा तात्यांचा धंदा. आणि धारेआधी कौल घ्यायचा, हा नाद. "बोला पावणं, यंदा कोण?" उत्तर आल्याशिवाय तात्या आचळाला हात लावत नसत. "म्हशीगत माणसालाबी पान्हा फुटाय लागतोय," म्हणायचे. विधानसभा असो की नगरपालिका, तात्यांचा अंदाज कधी चुकला नाही. पडणारा उमेदवार मतमोजणीला न जाता कट्ट्यावरच रडून घ्यायचा.

मग सत्तर सालाच्या पुढेमागे एका पक्षानं नवंच काढलं. आमच्या वॉर्डाचं तिकीट कुणाला, ते सभासदांनीच मत टाकून ठरवायचं. एकीकडे तालमीतला पैलवान, दुसरीकडे शाळेतल्या बाई. दोघं एकाच गल्लीतले. तात्यांनी कट्टा पिंजून काढला. जो तो म्हणे, "पैलवान!" आता पैलवान शेजारीच दंड फुगवून दूध पीत असताना दुसरं कोण काय म्हणणार? पण तात्या गरजले, "पैलवान पडला तर मिशी काढीन!"

पैलवान असा आपटला, की पंचगंगेला लाट आली म्हणतात.

"तात्या, न्हावी बोलवू?" कट्टा खिदळला.

"बोलीव की! भितोय व्हय मी?" तात्या भर कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले. वस्तरा चालू, तोंडही चालू. "मी चुकलो न्हाय! दूध पिऊन खोटं बोललासा तुम्ही! बाईला मत दिल्यालं कोण हाय, या म्होरं!"

सगळे पेल्यात बघायला लागले. काकूंनी भारा खाली टाकला. "मी दिलंय. गल्लीतल्या समद्या सभासद बायांनी दिलंय. आमी काय कट्ट्यावर दूध प्यायला येतोय? कवा इचारलंसा आमाला?"

अर्ध्या मिशीवर वस्तरा थांबला. म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली. मग तात्या न्हाव्यावर ओरडले, "बघतोस काय? उरल्याली काढ! ही हिच्या नावानं!"

दुसऱ्या दिवशी बोडक्या ओठानं तात्या परसदारं हिंडू लागले. "वैनी, यंदा कोण?" कुणी टिंगल केली की म्हणायचे, "दोन पक्षांची झुंज असली की माणूस छाती ठोकून सांगतंय. आपल्याच दोघांची असली की दोघांनाबी व्हय म्हणतंय, आन् आत जाऊन मनासारखं करतंय. म्हणून काय इचारायचं सोडू?" मिशी वाढली आणि लगेच पुन्हा पैजेवर लागली.

शेवटच्या दुखण्यातही निवडणूक आलीच. काकूंनी अंथरुणाशी बसून विचारलं, "यंदा कोण?"

"आधी तू सांग."

काकू कानात काहीतरी बोलल्या. तात्यांनी डोळे बारीक केले. "खोटं बोलतीयास! तुज्या उलटं सांगतो. लावली मिशी!"

निकालाच्या आदल्या दिवशी तात्या गेले. पीळ दिलेली अख्खी मिशी घेऊन. आता लावा म्हणावं वस्तरा!