धोंडीची आजी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या द्वारकाबाईंनी आयुष्यात कुणावर पटकन विश्वास ठेवला, असं सांगणारा माणूस गावात सापडणार नाही. डेअरीत दूध घातलं की फॅटच्या मशीनकडं त्या अशा बघत, जणू आत चोर बसलाय. गुळाची ढेप घेताना आधी फोडायला लावत. लेकासाठी मुलगी बघायची तर आधी तिच्या शेजाऱ्यांकडं चहा पिऊन आल्या. सून चांगली निघाली, पण त्याचाही त्यांना बरेच दिवस संशयच होता.

त्या पावसाळ्यात नीरेचं पाणी वस्तीत शिरलं. सून बाळंतपणासाठी बारामतीच्या दवाखान्यात, लेक युवराज तिच्यापाशी. घरी द्वारकाबाई, तीन वर्षांची नात स्वरूपा आणि दुभती म्हैस. म्हैस उंचावरच्या रानात बांधून त्या नातीला कडेवर घेऊन निघाल्या. आसपासच्या वस्त्यांतली माणसं सोमेश्वरनगरच्या एका शाळेत आणून उतरवली होती. तिथं एका वर्गाच्या दारावर फुगे लावलेले. पुरात सापडलेल्या लेकरांसाठी सरकारनं ती खोली वेगळी ठेवली होती. आत खेळणी, दूध, खिचडी, आणि सांभाळायला इंदापूरहून आलेली अंगणवाडी सेविका समिना.

"पंचनाम्याला चार खेपा मारायला लावणारं सरकार, आन् लेकरांसाठी आल्या आल्या फुगं?" द्वारकाबाई शेजारच्या बनाबाईंना म्हणाल्या. "कुठंतरी पाणी मुरतंय."

"मुरंल न्हाय तर काय! सगळीकडं पाणीच हाय," बनाबाई हसल्या.

द्वारकाबाईंनी नातीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. पण सकाळी म्हशीची धार काढायलाच हवी होती आणि चिखलातून लेकरू नेणं शक्य नव्हतं. नाइलाजानं त्या फुग्यांच्या दाराशी आल्या.

"आजी, नाव काय बाळाचं?" समिनानं विचारलं.

वाईट वेळेला लेकराचं गोड नाव परक्याच्या कानावर घालू नये, ओबडधोबड सांगावं, म्हणजे कुणाची नजर लागत नाही, ही सासूबाईंची शिकवण.

"धोंडी."

"आणि वडील?"

"तुला काय करायचाय बाप? म्या आणली, म्याच न्हेणार."

"तेच बरं. इथं जो सोडतो, त्याच्याच हातात आम्ही लेकरू देतो."

"बघू की," असं पुटपुटत द्वारकाबाई तीनदा मागं वळून बघत गेल्या.

दुपारी दुधाची किटली घेऊन त्या परतल्या, तर त्याच दारात गलका. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला युवराज, त्याचं मनगट धरून उभा असलेला होमगार्ड, आणि दार अडवून समिना. आतून स्वरूपा "पप्पा, पप्पा" करून रडत होती. युवराजला ओळखणारी गावची माणसं घरं धुवायला गेलेली.

"आये, बघ की! माझीच पोरगी मला देत न्हाय ही बाई!"

"आजी, हा माणूस स्वरूपा नावाची मुलगी मागतोय," समिना म्हणाली. "तशी कुणी नाही म्हटलं, तर तुमच्या धोंडीकडं बोट दाखवतोय."

"ती पप्पा म्हणतीय मला! फोटो दावला की मोबाईलमधला!"

"घाबरलेलं लेकरू कुणालाही पप्पा म्हणतं, दादा. आणि फोटो काय, कुणाकडंही असतो. नाव तर तुम्हाला सांगता येईना."

होमगार्डनं मनगट आणखी आवळलं. द्वारकाबाईंनी किटली खाली ठेवली.

"लेक हाय माझा. आन् पोरगी स्वरूपाच हाय. धोंडी म्या सांगितलं."

"का हो आजी?"

"तुझा भरवसा न्हवता, म्हणून."

होमगार्डनं हात सोडला. युवराज मनगट चोळत म्हणाला, "तितं तिची आई रडून अर्धी झाली, आन् तू हितं पोरीचं दुसरं बारसं घालत बसलीस व्हय?"

समिना आत गेली आणि मुलीला घेऊन आली. युवराजनं हात पुढं केले, पण तिनं स्वरूपाला द्वारकाबाईंच्याच कडेवर दिलं. "तुम्ही सोडली, तुम्ही घ्या. पुढं कुणाला द्यायची ते तुमचं तुम्ही बघा."

द्वारकाबाईंनी समिनाकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. मग पोरीला बापाकडं दिलं.

युवराजला दवाखान्यात परतायचं होतं. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी द्वारकाबाई पुन्हा त्या दाराशी. या वेळी त्यांनी नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं खरं सांगितलं.

"मग आता वडील आले तर देऊ ना?" समिनानं विचारलं.

"आजाबात न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्या आल्याबिगर कुणालाच देऊ नगंस."

आणि निघण्याआधी खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण उचलून त्यांनी वास घेतला.