साडूंनी नाकारलेली गाडी

आमच्या साडूंनी पसंत केलेली जुनी गाडी कधी रस्त्यात बंद पडली नाही, आणि त्यांनी नाकारलेली गाडी, एक सोडली तर, कोल्हापुरात कुणी दारात आणली नाही. नात्यातला माणूस म्हणून मी यात काही वाढवलेलं नाही. शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी होती आणि बाजारात शब्दाला वजन होतं. पण लोक त्यांच्याकडे गुळापेक्षा गाडी दाखवायलाच जास्त यायचे. गंमत म्हणजे स्वतः त्यांनी जन्मभर स्कूटरच वापरली. कुणी छेडलंच तर म्हणायचे, "वैद्यानं समदी औषधं स्वतःच खायाची व्हय?"

ते गाडी गुळासारखीच बघायचे. ढेप फोडून वास घ्यावा तसं दार उघडलं की आधी आत डोकं घालून, डोळे मिटून वास घेणार. मग पायाखालचं मॅट उचलून पुन्हा वास. ऑईलची पट्टी बाहेर काढून दोन बोटांत असं चोळायचे, की आता चव घेतात की काय अशी भीती वाटायची. एकदा घेतलीही होती, असं अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगतात. पण नवऱ्याचं वाढवून सांगायची त्यांना सवय आहे. खिशात लोहचुंबक असायचं. ते पत्र्यावरून फिरवत न्यायचे आणि जिथं ते धरेना तिथं हळूच मान हलवायचे: रंगाखाली पुट्टी आहे, गाडी कुठंतरी ठोकलेली आहे. तापलेलं इंजिन तर ते बघायचेच नाहीत. "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवलीय," असं मालक म्हणाला की बॉनेटवर तळहात ठेवून म्हणायचे, "थंड हू दे की. झोपंतनं उठल्यावरच माणसाचा खोकला कळतोय." मग इंजिन गार होईपर्यंत मालकाच्या ओट्यावर बसून त्याच्या सगळ्या सोयरिकी विचारून घ्यायचे.

चपट्या, वेगवान, मागं पंख लावलेल्या गाड्यांवर त्यांची नजर जास्त कडक. "शर्यतीचा घोडा टांग्याला घेताना गुडघं बघावं," म्हणायचे. म्हणजे टायर एकाच अंगानं झिजलेत का, गाडी बुटकी दिसावी म्हणून कुणी स्प्रिंगा कापल्यात का, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत असून मीटरवरचे किलोमीटर मात्र कोवळे आहेत का. शिवाय आधीचा मालक केवढ्या वयाचा होता, हे ते पोलिसासारखं खोदून विचारायचे. शेवटची परीक्षा जोतिबाच्या चढावर. एसी लावून, चार माणसं बसवून गाडी वर न्यायची, काटा तापाकडे सरकतो का बघायचं, वर गेल्यावर मागं उभं राहून धुराचा रंग बघायचा, आणि मग देवाचं दर्शन. एका मालकाची गाडी अशी नापास झाली, तरी तो बिचारा खूश होता. नवस बरेच दिवस राहिला होता म्हणे.

मालकासमोर मात्र त्यांनी कधी गाडीला नाव ठेवलं नाही. "दारातली लक्ष्मी असती. तिच्या तोंडावर वाईट कसं बोलायचं?" त्यामुळे तोंडानं प्रत्येक गाडीला ते "झकास हाय" म्हणायचे. खरा निकाल चहावर असायचा. गाडी पसंत असेल तर चहा घेणार. नसेल तर "पित्त हाय" म्हणून कप बाजूला सारणार. ज्याचा माल उचलायचा नाही त्याच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांच्या पेढीचा वडिलांपासूनचा रिवाज. त्यांना बरोबर घेऊन गेलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. मलाही होता.

मी नोकरीभर सरकारी जीपच्या मागच्या बाकावर बसून फिरलो. निवृत्त झाल्यावर मला एकदा तरी स्वतःच्या हातानं वेगाची गाडी चालवायची होती. महापुराच्या पुढच्या वर्षी जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याकडे तशी एक लाल गाडी असल्याचं कळलं, तेव्हा साडूंनाच घेऊन गेलो. त्यांनी सगळं बघितलं. शेवटी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा पार टोकापर्यंत बाहेर ओढला, माझ्याकडे बघितलं आणि तो हळूहळू परत आत जाऊ दिला. पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर तांबूस गाळाची रेघ होती. "झकास हाय," ते मालकाला म्हणाले. चहा आला. "पित्त हाय हो मला," म्हणून त्यांनी कप सारला. मी माझा कप उचलला आणि त्यांच्याकडे न बघता पिऊन टाकला.

येताना ते म्हणाले, "पावणं, पट्टा बघितलासा न्हवं? पुराच्या पाण्यात बसल्याली गाडी हाय ती."

"इंजिन तर मस्त चाललं की."

"आज चाललं. वायरी आतनं कुजत्यात. घेऊ नकासा."

पुढच्या आठवड्यात मी एकटाच जाऊन ती घेऊन आलो. साडू बघायला आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रंग चांगला हाय."

त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरीची पाठवणी माझ्याच गाडीतून करायची, असा हट्ट मी धरला. फुलं लावून गाडी मांडवाच्या दारात उभी केली. पोरगी रडत आत बसली आणि हॉर्न आपोआप वाजायला लागला. तो थांबेचना. बँडवाल्यांनी वाजवायचं सोडून दिलं, लोक हसायला लागले. मग समोरच्या काचेखालून धूर आला. पोरीला दोघांनी ओढून बाहेर काढलं. साडू धावत आले आणि बॉनेट उघडून त्यांनी बॅटरीची वायर उपसली, तेव्हा कुठं ते ओरडणं थांबलं. अख्ख्या मांडवासमोर आमच्या दोघांच्या सासऱ्यांनी विचारलं, "कुणी बघून दिली ही असली गाडी?"

मी म्हणालो, "साडूंनी बघितली. झकास हाय म्हणाले."

शब्दन्‌शब्द खरा होता.

साडूंचे हात काळे झाले होते. ते सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे बघितलं. ते आता चहाचं सांगणार, पट्ट्याचं सांगणार, म्हणून मी जमिनीकडे बघत उभा होतो. ते म्हणाले, "व्हय मामा. बघताना चुकलं माझं."

"काय पावणं, गूळ म्हणून चाटली काय गाडी?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. साडूही हसले.

ती गोष्ट पेठेपेठेत गेली. पुढं गाडी दाखवायला त्यांच्याकडे कुणी येईनासं झालं. खूप दिवसांनी एकदा त्यांना पेढीवर एकटं गाठून मी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी खरं का नाही सांगितलं?"

"तुमची गाडी गेल्यालीच हुती," ते म्हणाले. "भर मांडवात जबान बी घालवायची व्हय तुमची?" आणि लगेच यंदाच्या उसाचं बोलायला लागले.

सासरे असेपर्यंत त्यांना सांगू म्हणालो, ते गेले. साडू असेपर्यंत चार माणसांत सांगू म्हणालो, मागच्या थंडीत तेही गेले. भेटायला आलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. त्या एका गाडीत तेवढा फसला." मी तिथंच बसलो होतो. त्याही दिवशी माझं तोंड उघडलं नाही. म्हणून लिहून ठेवतो: ते फसले नव्हते. ती गाडी त्यांनी नाकारली होती, मला गाळ दाखवून, शब्दांत सांगून नाकारली होती. घेतली मी, आणि नाव त्यांचं सांगितलं.

हे लिहून झाल्यावर आधी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचून दाखवलं. मध्ये ऑईलच्या चवीपाशी त्या हसल्या. संपल्यावर पदराचं टोक चुरगाळत बसल्या. मला वाटलं, आता उठा म्हणतील.

"समदं लिव्हलासा पावणं," त्या म्हणाल्या, "पर एक ऱ्हायलं. त्या लग्नानंतर बी ते दर रविवारी सकाळी लौकर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सोप्यात बसायचं. कोण यायचं न्हाय. दुपारी जेवायच्या वक्ताला शर्ट काढून खुंटीला लावायचं, आन म्हणायचं, आज बी कुणाला गाडी घ्यायची न्हाय वाटतं."