पावलात पाऊल

लिंडाचा फोन आला तेव्हा मी बर्फात गुडघे टेकून पंजाच्या ठशावर पट्टी धरली होती.

“मुक्ता, मला फक्त आकडा सांग. किती आहेत?”

“एकच. मोठा आहे. बहुतेक नर.”

“गुड. मग आज संध्याकाळी ट्रॅप लावतो. सापडला की लांब नेऊन सोडू.”

लिंडा माझी बॉस. कोलोराडोच्या डोंगरात जंगली जनावरं आणि माणसं यांची भांडणं सोडवायची, हे आमच्या ऑफिसचं काम. मी तिथली बायॉलॉजिस्ट. या वेळचं भांडण टॉम नावाच्या शेतकऱ्याच्या शेळ्यांवरून होतं. दोन शेळ्या माउंटन लायननं मारल्या होत्या. नावात लायन असला तरी त्याला आयाळबियाळ काही नसते. आपल्या बिबट्याएवढं, बिनठिपक्यांचं मोठं मांजर समजा.

त्या दिवशी माझ्याबरोबर बाबा होते. बाबा म्हणजे विदर्भातले रिटायर्ड वनपाल. तीन महिन्यांसाठी नागपूरहून आले होते आणि घरात बसून पार कंटाळले होते. शेवटी मी लिंडाला विचारलं. तिनं व्हॉलंटियरचा फॉर्म दिला, बाबांनी त्यावर मराठीत सही ठोकली आणि माझं जॅकेट, त्यावर स्वतःची माकडटोपी घालून ट्रकमध्ये बसले.

टॉमच्या गोठ्यापासून ठशांची एक ओळ वर डोंगराकडे गेली होती. ठसा मांजराचा की कुत्र्याचा, हे ओळखणं सोपं असतं. कुत्र्याची नखं उमटतात. मांजर नखं आत ओढून चालतं. तळव्याच्या मागच्या कडेला मांजराचे तीन फुगवटे दिसतात. हे सगळं मी बाबांना समजावून सांगत होते. जन्मभर वाघामागे हिंडलेल्या माणसाला. ते बिचारे ऐकून घेत होते.

मी ठशांचे फोटो काढले, मापं घेतली आणि लिंडाला आकडा देऊन मोकळी झाले. बाबा मात्र ओळीच्या कडेनं वाकून वाकून पुढे गेले होते.

“कायले एवढी घाई केली बाई?” ते म्हणाले.

“का? काय झालं?”

“तू मापं कोणत्या ठशांची घेतली?”

“जे नीट उमटलेत त्यांची.”

“तेच तर. आम्हीही तेच करत होतो. काच ठेवून वाघाचा ठसा कागदावर उतरवायचा, तर सगळ्यात देखणा ठसा शोधायचा. फिसकटलेल्याकडे कोणी पाहायचंच नाही. हे पाह्य. कडा ढासळल्या आहेत. तळ किती घट्ट बसला आहे, बोट लावून पाह्य.”

मी बोट लावलं. तळ खरंच दगडासारखा होता.

“मांजर मागचा पाय पुढच्याच ठशात ठेवतं, बाबा. म्हणून घट्ट झाला असेल.”

“दोन पायांनी इतका नाही होत. मागे पाह्य जरा. आपण किती जण चालून आलो?”

मी मागे वळून पाहिलं. ट्रकपासून मी मापं घेतली तिथपर्यंत बुटांची एकच ओळ होती. बाबांचे गुडघे दुखतात. बर्फात पाय रुतायला नको म्हणून ते सगळी वाट माझ्याच पावलांत पाऊल ठेवत आले होते.

“आता सांग,” बाबा म्हणाले, “दुसऱ्याच्या पावलात पाऊल ठेवून कोण चालतं? एक तर माझ्यासारखं म्हातारं, नाही तर लेकरू.”

पिल्लं असलेल्या मादीला आम्ही हलवत नाही. नियमच आहे तसा, आणि त्याचं कारण साधं आहे. आई पिंजऱ्यात गेली, तर ही पिल्लं या थंडीत आठवडाही काढणार नाहीत. आणि संध्याकाळचा तो ट्रॅप माझ्या शब्दावर लागणार होता.

पण नुसत्या अंदाजावर लिंडाला काय सांगणार? आम्ही ओळीच्या बाजूनं वर चढू लागलो. जनावर दचकून समोर येऊ नये म्हणून मोठ्यानं बोलत चाललो. बोलायला विषय बाबांनीच काढला, माझी बिघडलेली आमटी.

अर्ध्या तासानं वाटेत एक पडलेलं झाड लागलं. ठशांची मोठी ओळ त्यावरून उडी मारून पलीकडे उतरली होती. आणि खोडाखाली, जिथून सरपटत जाता येईल तिथे, माझ्या तळहाताच्या निम्मे ठसे होते. दोन ओळी. दोन पिल्लं. उडी जमली नाही म्हणून खालून गेली, आणि पलीकडे निघाल्यावर पुन्हा आईच्या पावलांत. मी नीट उमटलेले म्हणून मोजलेले आईचे ठसेही त्यांच्याच पायांनी रुंदावलेले होते, आणि मी नर म्हणून बसले होते.

मी तिथूनच फोन लावला.

“लिंडा, माझं चुकलं. मादी आहे. बरोबर दोन पिल्लं.”

“शुअर? अर्ध्या तासापूर्वीही तू शुअर होतीस.”

“आता फोटो आहेत. पाठवते. प्लीज, ट्रॅप कॅन्सल कर.”

“फोटो बघते. तोपर्यंत होल्डवर.”

फोटो गेले. दहा मिनिटं काही उत्तर नाही. बाबांनी माझी बाही हळूच ओढली आणि मानेनं पलीकडे दाखवलं. घळीच्या त्या बाजूला, खडकाखाली ती बसली होती. आमच्याकडेच पाहत होती, उठली मात्र नाही. तिच्या पोटाशी एक पिल्लू होतं. दुसरं बर्फात मागे राहिलं होतं आणि आईच्या एका ठशातून पुढच्या ठशात उड्या मारत येत होतं. एकदा चुकलं आणि कानापर्यंत बुडालं. बाबा हसले, आणि मग माकडटोपीनं डोळे पुसले. मीही पुसले, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात लिंडाचा मेसेज आला. कॅन्सल्ड.

टॉमला समजावणं माझ्याकडे आलं. तो आधी तणतणला. घळीपाशी मी फोनवर घेतलेला पिल्लाचा व्हिडिओ दाखवल्यावर त्यानं तो तीनदा पाहिला आणि म्हणाला, “आई आहे, तर खायला घालणारच ना ती त्यांना. पण माझ्या शेळ्या नकोत.” आम्ही त्याच्या गोठ्याला जाळीचं छप्पर घालून दिलं. त्यानंतर त्याची शेळी गेली नाही.

बाबा नागपूरला परतले. दर रविवारी फोन करतात आणि माझ्याआधी “लेकरं कशी आहेत?” विचारतात. लेकरं म्हणजे ती.

थंडी सरता सरता मी, त्यांच्यावर लक्ष ठेवायला झाडांना लावलेले कॅमेरे काढून आणायला एकटीच वर गेले. शेवटच्या बर्फात ठशांच्या तीन वेगवेगळ्या ओळी होत्या. पिल्लांना आता आईच्या पावलांची गरज राहिली नव्हती.

रिपोर्टमध्ये ‘किती’ या रकान्यात मी हल्ली नुसता आकडा लिहीत नाही. ‘कमीत कमी’ लिहून मग आकडा लिहिते. त्या दिवशी ट्रकपाशी येऊन मागे पाहिलं, तर बुटांची एकच ओळ होती, बाबा बरोबर होते तेव्हासारखीच. फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न असतो, टीममध्ये किती जण? तिथेही मी सवयीनं तेच लिहिलं. कमीत कमी एक.

लिंडानं फोन करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, राहू दे तसंच.