तिचं झोपेतलं बोलणं

तिची आई वारल्यावर बायको झोपेत मोठ्याने बोलू लागली. मला मरोळच्या कारखान्यात सकाळची पाळी होती. माझी झोप मोडते म्हणून मीच डॉक्टरांना सांगून तिला गोळ्या सुरू केल्या. बोलणं थांबलं, पण ती दमलेलीच उठायची. मुलांना मी सांगत राहिलो, तुमच्या आईचं वय झालंय. ते खरं नव्हतं. निवृत्तीनंतरही गोळ्या चालूच राहिल्या.

यंदा नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मनावरचं ओझं स्वप्नातच थोडं थोडं उतरतं. त्यांना स्वप्नं पडू द्या ना!" त्यांनी गोळ्या हळूहळू सोडवल्या.

काल सकाळी बायको हसत म्हणाली, "अहो, आई आली होती. दोघी कडाकडा भांडलो." रात्रभर तिची बडबड ऐकत मी जागाच होतो. अंग आंबून गेलं होतं, पण तिला उठवलं नाही.