घरी नेणारा डिस्चार्ज

मी वॉकर घेऊन खोलीत शिरले तेव्हा नाईककाका हॉस्पिटलचा गाऊन उतरवून, स्वतःचा पांढरा सदरा घालून पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांचा मुलगा विलास बॅगेत टॉवेल कोंबत होता.

"बाय, आज तुला सुट्टी," काका म्हणाले. "डिस्चार्ज हाय."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणिकपूरजवळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा उठायला, उभं राहायला आणि चालायला शिकवणं हे माझं काम. कोणाला घरी सोडणार असतील तर मला आधी कळवतात, कारण घरी करायचे व्यायाम मीच शिकवते. मला कोणी काही कळवलं नव्हतं.

"कोणी सांगितलं, काका?"

"मोठे डॉक्टर. सकाळी सगळी फौज घेऊन आले होते. इंग्लिशमध्ये बोलले, पण डिस्चार्ज बोलले. दोनदा. विचार याला."

विलासने मान हलवली. "पट्टी उघडून बघितलं आणि मग बोलले. मी घरी फोनपण केला."

मी वॉकर भिंतीला टेकवला आणि नर्सिंग स्टेशनवर गेले.

नाईककाका वटार गावचे. केळीची वाडी. वाडीतच पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला होता. ऑपरेशन चांगलं झालं होतं आणि काका माझे सगळे व्यायाम निमूटपणे करत होते, कारण त्यांना घरी जायची घाई होती. घरी काकू होत्या. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, बोलणं जड झालं होतं, समजायचं मात्र सगळं. झटक्यापासून काकाच त्यांना भरवायचे. आता सून भरवायला बसायची, तर काकू दोन घासांनंतर तोंड मिटून घ्यायच्या. सुनेचा फोन आला की विलास मोबाईल घेऊन बाहेर जायचा. तो परत आला की काका विचारायचे, "किती खाल्लं?" विलास म्हणायचा, "खाल्लं की." काका पुढे काही विचारायचे नाहीत.

स्टेशनवर अनू सिस्टर होत्या. त्या केरळच्या. मी विचारलं, "सिस्टर, नाईककाकांचा डिस्चार्ज आहे?"

"हां, है ना," त्या औषधं मोजता मोजता म्हणाल्या. "कल से ज्यादा है. स्वॅब भेजा है."

तेव्हा मला कळलं. जखमेतून पाणी किंवा पू वाहतो, त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. स्वॅब म्हणजे ते पाणी कापसाच्या काडीवर घेऊन त्यात कोणते जंतू आहेत ते तपासायचं. सांधा बदललेल्या माणसाच्या जखमेतून पाणी येणं ही चांगली बातमी नव्हे. मोठे सर विद्यार्थ्यांना म्हणाले असणार, 'डिस्चार्ज इज देअर.' बापलेकांनी त्यातला ओळखीचा तेवढा शब्द उचलला होता.

मी आरएमओंकडे गेले. आरएमओ म्हणजे वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर.

"सर, नाईककाकांना वाटतंय की घरी सोडतायत."

"असं कोण बोललं?"

"मोठे सर. डिस्चार्ज आहे, असं."

ते हसले, मग थांबले. "अगं, ते जखमेबद्दल होतं."

"हो सर. पण ते कपडे घालून बसलेत."

"मग सांग ना त्यांना. तुझं मराठी चांगलं आहे."

"माझी शाळा इंग्लिश मीडियम, सर."

"माझी सुरतची. जा तूच."

माझं मराठी घरातलं. फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये लागतं तेवढं. डिस्चार्जला मला एकच मराठी शब्द आठवत होता, स्राव, आणि तो काकांसमोर इंग्रजीइतकाच परका ठरला असता. पू म्हणावं तर ते अजून नक्की नव्हतं. मी खोलीच्या दाराबाहेर उगाचच मोबाईल बघत उभी राहिले. मग आत गेले.

"काका, डॉक्टर डिस्चार्ज बोलले ते खरं. पण ते तुमच्या जखमेबद्दल बोलत होते. जखमेतून पाणी येतंय. त्यालापण इंग्लिशमध्ये डिस्चार्ज म्हणतात."

"त्यालापण तेच?" विलासने बॅग खाली ठेवली. "मग वेगळा शब्द नाय काय तुमच्याकडे? एवढं शिकता."

"गप रे," काका म्हणाले. "शब्द तिने बनवलाय काय?" मग माझ्याकडे वळून, "केळ कापल्यावर चीक येतो, तसं?"

"साधारण तसंच."

"तो थांबतो."

"हा पण कधी कधी थांबतो."

"आणि नाय थांबला तर?"

"तर जखम उघडून धुवावी लागते. पुन्हा ओटीत न्यावं लागेल." आम्ही ऑपरेशन थिएटरला ओटी म्हणतो.

"ओटीतच न्यायचं तर घरच्या ओटीवर ने," काका म्हणाले. "ती तिथे खुर्ची टाकून बसलीय. सून सांगत होती, सकाळीच केस विंचरून घेतले."

विलास खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. काकांनी त्याच्याकडून फोन मागून घेतला, नंबर लावला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

"तू सांग. मला नाय जमायचं."

मला फोनवर बोलायला आवडत नाही. ओळखीच्या माणसांशीही नाही. सुनेने उचलला आणि काकूंच्या कानाला लावला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"काकू, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. काका आज येत नाहीत."

"डिस्चार्ज... बोलला विलास."

"तो दुसरा डिस्चार्ज होता, काकू."

मग त्या म्हणाल्या, "दुसरा." विचारल्यासारखं नाही, नुसतंच.

मी फोन परत दिला. काकांनी सदऱ्याची बटणं स्वतःच काढली.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी तो शब्द शोधला. शाळेत असल्यापासून मला ही सवय आहे. बोलायची वेळ आली की अडखळते, पण शब्दांबद्दल वाचायला आवडतं. मुळात लॅटिनमध्ये चाकांच्या गाडीला एक शब्द होता. इंग्रजीतली कार त्याच्यातूनच आली. गाडीत माल भरणं म्हणजे चार्ज. भरलेला माल उतरवणं म्हणजे डिस्चार्ज. बाकीचे सगळे अर्थ पुढे त्यातून फुटले. जहाजावरून माल उतरतो तो डिस्चार्ज. बॅटरीत वीज भरतात आणि ती उतरते. कोर्ट आरोपीवर चार्ज ठेवतं, तो सुटला की डिस्चार्ज. सैनिकाला नोकरीतून मोकळं करतात, नदी समुद्रात पाणी सोडते, बंदुकीतून गोळी सुटते, पेशंट घरी जातो, जखम वाहते. सगळीकडे काहीतरी भरलेलं असतं आणि ते उतरतं. एवढंच साम्य. पण आजारी माणसाला शब्दाच्या घराण्याशी काय करायचंय? त्याला घरी जायचंय की नाही, ते हवं असतं.

तरी दुसऱ्या दिवशी पलंगावरचे व्यायाम करून घेताना मी काकांना सांगितलं. दुखणाऱ्या पायावरून लक्ष उडावं म्हणून.

"म्हणजे गाडी खाली करायची," ते म्हणाले. "आमची बैलगाडी होती. बाबा केळी घेऊन स्टेशनला जायचे. गाडी खाली झाली की बैलांना हाकावं लागायचं नाय. आपसूक घराकडं वळायचे." मग टाच सरकवत म्हणाले, "बैल बरे. त्यांना एकच अर्थ माहीत."

पाणी थांबलं नाही. काकांना पुन्हा ओटीत नेलं, जखम धुतली. त्यानंतर काही दिवस बरे गेले. वॉकरवर दारापर्यंत आले. मग ताप चढला आणि उतरेना. जंतू रक्तात गेले होते, आणि मग किडन्या थकून लघवी कमी झाली. मोठ्या सरांनी विलासला बाहेर बोलावून आयसीयूत हलवायचं म्हटलं. कदाचित व्हेंटिलेटर लागेल. या वयात पुढचं काही सांगता येत नाही, असंही म्हटलं. या वेळी मराठीत बोलले, सावकाश.

त्या दिवशी मी काकांच्या छातीचे व्यायाम घ्यायला गेले. तापाने डोळे लाल होते, पण शुद्धीवर होते.

"बाय, तुझ्या त्या शब्दाचे एवढे अर्थ. त्यातला घरी नेणारा मागायचा कसा?"

पेशंटला असलं काही सांगणं फिजिओच्या कामात येत नाही. पण ते वाट बघत होते आणि ऐकल्याशिवाय डोळे मिटणार नव्हते.

"डॉक्टरांचा सल्ला नसताना घरचे सही करून नेऊ शकतात," मी म्हणाले. "त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. पण त्यात बरं होणं नसतं, काका."

"ते कुठे मागतोय मी."

त्यांनी विलासला बोलावलं. विलास आधी भांडला, मग रडला, मग त्याने सही केली. आरएमओंनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं.

"तू सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी विचारलं, सर."

"आयसीयूत चान्स होता."

"किती, सर?"

ते मला रागावले नाहीत. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजन बघायला स्वतः खाली उतरले. कूस कशी बदलायची, पाठीमागे उशी कुठे लावायची, ते मी विलासला दाखवलं. काकांना धाप लागली होती.

आठवडाभराने मी सुनेला फोन केला. काका चार दिवसांपूर्वी गेले होते.

"दोघांच्या खाटा जवळजवळ लावल्या होत्या," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी सासूबाई रागावल्या. एवढे दिवस कुठे होते म्हणून. बाबांनी चमचा मागितला. निम्मं सांडलं. पण सासूबाईंनी खाल्लं. सगळं."

"आणि आता?"

"आता परत दोन घास."

यातून आमच्या वॉर्डमध्ये एक बदल झाला. वाहत्या जखमेला आम्ही पेशंटसमोर 'ओली आहे' म्हणतो. नवीन डॉक्टर आधी हसतात, मग त्यांनाही सवय होते. मोठ्या सरांच्या तोंडून राउंडला 'डिस्चार्ज' अजून जातोच, कारण पुस्तकं बदललेली नाहीत. म्हणून राउंड पुढे सरकला की मी पुन्हा पलंगापाशी जाते आणि विचारते, "डॉक्टर काय बोलले? तुम्ही काय ऐकलंत?" या दोन प्रश्नांची उत्तरं क्वचितच सारखी येतात.