शेजारच्या खाटेवरचा प्रश्न

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "क्रिएटिनिन अकराच्या वर गेलंय. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात. डायलिसिस लागेल."

किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, "दिवस नाही, बाई. किडनी बदलता आली तर तोपर्यंत, नाहीतर कायम."

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायची घाण. रक्तात ती एकच्या आसपास असावी. माझ्या पायांना चार महिने सूज होती, तोंडाला चव नव्हती. अंगणवाडीत दिवसभर उभं राहून होत असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर तुम्ही असं काही ठरवू नका. आधी तपासणी करा.

डाव्या हातात फिस्टुला केला. त्यात दोन रक्तवाहिन्या जोडतात, म्हणजे मशीनच्या जाड सुया तिथे टोचता येतात. मग मंगळवार आणि शुक्रवार ठरले. गावातून जीपने नवापूर, तिथून रेल्वेने नंदुरबार. माझे पती याकोब पिशवी घेऊन पुढे चालायचे आणि मी मागे. चार तास मशीनवर. परत येताना अंग पिळून काढलेल्या फडक्यासारखं व्हायचं. दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी चालायचं, त्यामुळे जीभ सतत टाळूला चिकटलेली.

आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती. वीस वर्षं मी येशूबद्दल सांगत आले, बाजारात, विहिरीवर, जीपमध्ये शेजारी बसेल त्याला. पिशवीत येशूच्या संदेशाच्या छापील पत्रिका असायच्याच. पहिल्याच आठवड्यात मी शेजारच्या खाटेवरच्या दादांना एक दिली. ते शहाद्याकडचे केळी पिकवणारे शेतकरी, साठीचे. मोबाईलवर सारंगखेड्याच्या दत्ताचा फोटो. त्यांनी पत्रिका शेवटपर्यंत वाचली, नीट घडी घातली आणि परत केली.

तिसऱ्या महिन्यात मला मशीनवरच थंडी वाजून आली. बीपी उतरलं, उलटी झाली. नर्सने पाय वर करून सलाईन सोडलं. जरा बरं वाटल्यावर दादांनी मान वळवली.

"ताई, राग नको धरू. तुन्हा देव मोठा शे, मंग तो तुले काबर बरं करत नही?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मला बरं का करत नाही, हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. एरवी माझ्याकडे बायबलमधली वचनं तयार असायची. त्या दिवशी एकही ओठावर येईना. येऊ नये असंच वाटलं. मी म्हटलं, "दादा, मला माहीत नाही."

ते उशीवर माझ्या बाजूला सरकले. मग म्हणाले, "मंग आते सांग. आते ऐकसू."

आता ऐकतो म्हणाले, म्हणून मी येशूबद्दल सांगितलं, पण फार नाही. भीती वाटते तेव्हा मी कोणाशी बोलते, एवढंच. सांगता सांगता मला झोप लागली.

परतीच्या गाडीत मात्र झोप येईना. सुमन आठवत राहिली. ती आमच्याच गावातली. तिच्या मुलीला सिकलसेल आहे. या आजारात रक्तपेशी वाकड्या होतात आणि सांधे असह्य दुखतात. सुमन तीन-चार वर्षांपूर्वी मोठ्या आशेने आमच्या घरच्या प्रार्थनेला येऊ लागली होती. मुलीचं दुखणं थांबेना, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "तुझा विश्वास कमी पडतोय." त्यानंतर ती आली नाही. तिने प्रभूकडे पाठ फिरवली, असं मी चारजणांना सांगितलं. आता चर्चच्या मंडळीतले लोक घरी माझ्या खाटेशी येऊन तेच शब्द मला ऐकवत होते. ते किती लागतात, ते मला तेव्हा कळलं.

शनिवारी मी तिच्या घरी गेले. दोनशे पावलांत दोनदा बसावं लागलं. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. माझं चुकलं, असं मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "मला वाटायचं, खरंच माझ्यामुळे पोरगी आजारी आहे. तीन वर्षं वाटत होतं."

'माफ केलं' असं ती म्हणाली नाही. मी उठताना तिने विचारलं, नंदुरबारला पुन्हा कधी जायचं आहे? मंगळवारी, मी म्हटलं.

"मी येते. याकोबभाऊंना शेतात जाऊ दे."

मंगळवारी ती आली. गाडीत ती माझ्या शेजारी बसली. माझी मान पडू लागली की ती खांदा पुढे करायची.

हा आजार ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डायलिसिस चुकवू नका, आणि सोबत येतो म्हणणाऱ्याला नको म्हणू नका. किडनी मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. मी खूप थकले आहे. पण त्या मंगळवारी सुया टोचून झाल्यावर सुमनने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि आमच्या बोलीत प्रार्थना केली. बरं कर, असं काही तिने मागितलं नाही. हिला एकटं वाटू देऊ नकोस, इतकंच ती म्हणाली.

शेजारून दादांचा आवाज आला, "मन्हाकरता बी म्हन, माय."

सुमन त्यांच्या खाटेकडे वळली.